टर्निप गॅपची वही

कांता वानखडे अमेरिकेत आली तेव्हा तिला इंग्रजी वाचता येत होतं, पण बोलता येत नव्हतं. वाशीमजवळच्या गावातली ती मॅट्रिक झालेली मुलगी. नवरा ईश्वर नागपूरच्या वसतिगृहात राहून इंजिनियर झालेला. आपलं वऱ्हाडी बोलणं त्याने वसतिगृहाच्या दाराशीच काढून ठेवलं होतं, चपला काढाव्यात तसं, आणि निघताना पुन्हा घातलं नव्हतं. कांताने मात्र ते शिकागोजवळच्या शॉमबर्गपर्यंत आणलं. तिच्या गावच्या बायका 'मी येते, मी जाते' म्हणत नाहीत. 'मी येतो, मी जातो' म्हणतात. ईश्वर तिला घरात सुद्धा हळू आवाजात सांगे, "येते म्हण. इथे पुण्यामुंबईची माणसं आहेत."

ते १९८१ साल होतं. फेब्रुवारीत आल्यामुळे पहिले दोन महिने कांताने खिडकीतून बर्फ आणि गाड्या एवढंच पाहिलं. पहिली ओळख झाली ती तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत. मशिनमध्ये नाणं कुठे घालायचं हे कळेना म्हणून ती उभी होती, तेव्हा शेजारच्याच घरातली व्हर्ना आली. साठीला टेकलेली, उंच, हाडापेराने रुंद, एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी विधवा. तिने नाणं घातलं, झाकण लावलं आणि काहीतरी म्हणाली. त्यातला एकही शब्द कांताला समजला नाही, पण ही बाई आपल्याकडची आहे असं तिला उगीच वाटलं.

ते तितकंसं उगीच नव्हतं. व्हर्ना केंटकीच्या डोंगरातली. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी पंचवीस वर्षांपूर्वी शिकागोला आलेली. तिचं इंग्रजी टीव्हीवरच्यासारखं नव्हतं, ईश्वरच्या ऑफिसातल्यासारखंही नव्हतं. ते लांबवत, हेल काढत, मधले शब्द खात चालायचं. हळूहळू कांताला ते समजू लागलं, इतरांचं समजायच्या आधी. दोघी बोलायच्या इंग्रजीतच, पण कांता ते पुढे आठवायची तेव्हा तिच्या कानात ते वऱ्हाडीच उमटायचं. इथेही ते तसंच लिहिणं बरं.

"मले वाटते आज बरफ पडते, पोरी," व्हर्ना सकाळी दारातून म्हणायची. यातलं 'मले वाटते' म्हणजे तिचं 'आय रेकन'. ईश्वरने आणून दिलेल्या खिशातल्या डिक्शनरीत 'रेकन'चा अर्थ मोजणे, हिशेब करणे असा दिलेला होता. बर्फ पडण्याचा हिशेब कसा करतात ते कांताला कळेना. मग तिने डिक्शनरी सोडली आणि व्हर्नाकडून शब्द उचलले.

उन्हाळ्यात व्हर्ना कोवळ्या शेंगा सुईदोऱ्यात ओवून त्यांच्या माळा बाल्कनीत वाळत घालायची. कांताने त्या पाहिल्या आणि आत जाऊन आपल्या वाळवलेल्या गवारीची बरणी आणून दाखवली. व्हर्नाने बरणीत नाक घातलं. "हे तं आमचंच हाये वो," ती म्हणाली. व्हर्ना मक्याच्या पिठाचा पाव करायची आणि घेवड्याची पातळ उसळ. कांता त्याच मक्याच्या पिठाची भाकरी करायची आणि वरण. पदार्थ स्टीलच्या एका डब्यातून इकडून तिकडे जायचे. डब्यावर कांताच्या लग्नात घातलेलं नाव होतं. पहिल्यांदा डबा परत देताना व्हर्नाने त्यात तीन सफरचंदं घातली होती.

"रिकामं भांडं परत देत नाईत आमच्याकडे," ती म्हणाली.

"आमच्याकडेबी," कांता म्हणाली, आणि खूप दिवसांनी मनापासून हसली.

भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघून व्हर्नाने विचारलं होतं, "हे तुह्ये बाबा हायेत काय?" कांताने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "हाव. तसंच समज."

रविवारचा जाडजूड पेपर ईश्वर घ्यायचा. त्यात रंगीत चित्रांची पुरवणी असे, मुलांसाठी. त्यांची मुलगी राधा तेव्हा सहा वर्षांची. तिला मांजराचं नि कुत्र्याचं आवडे. कांताची नजर मात्र पहिल्याच वर्षी 'टर्निप गॅप' नावाच्या चित्रमालिकेवर गेली. ती जुनी, गाजलेली मालिका होती. काढणारा चित्रकार वारला होता आणि पेपर जुनीच चित्रं पुन्हा छापत होता. डोंगरातल्या एका खिंडीत एक कुटुंब राहतं. आजीला एकच दात, आणि कमरेला बांधलेल्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला बकरी. बाप खाटेवरून उठतच नाही, कामाला जायचं झालं तर चौघं त्याला खाटेसकट नेतात. मुलगी सुंदर, पण पाय फावड्याएवढे. दर आठवड्याला शहरातून कुणीतरी साहेब येतो. कधी मत मागायला, कधी रस्ता बांधून देतो म्हणून, कधी शाळा तपासायला. बकरी त्याचे कागद आणि बूट खाऊन टाकते, आणि साहेब अनवाणी परत जातो.

कांताला हसू आवरेना. तिच्या गावाला सुद्धा रस्ता आठ वेळा मंजूर झाला होता. ही मालिका साहेबांची टिंगल करते असंच तिने धरलं. पण तिला ती आवडायचं खरं कारण निराळंच होतं. ही माणसं व्हर्नासारखी बोलत होती. डिक्शनरीत नसलेले तिचे शब्द, तिची खाल्लेली शब्दांची शेपटं, तिचा 'रेकन', सगळं जसंच्या तसं त्या संवादांच्या फुग्यांमध्ये अक्षरांत लिहिलेलं होतं.

कांताच्या आयुष्यात तिची स्वतःची बोली कधी छापून आली नव्हती. शाळेच्या पुस्तकातली आई 'ये बाळा' म्हणायची. तिची आई 'ये वो माय' म्हणायची. पुस्तकातलं खरं आणि घरातलं चुकीचं, हे पहिलीतच ठरून गेलं होतं. आणि इथे, एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या मोठ्या पेपरात, व्हर्नाचं बोलणं रंगीत छापून येत होतं, तेही दर रविवारी. छापून येतं म्हणजे मान असतो, यात कांताला कधी शंकाच आली नाही.

ती चित्रं कापून ठेवू लागली. आधी स्वतःला शब्द शिकायला, मग जमवायच्या सवयीने. १९८४च्या जुलैमध्ये व्हर्नाला साठ वर्षं पूर्ण होणार होती. कांताने दुकानातून जाड पानांची वही आणली आणि तीन वर्षांची कात्रणं एकेक करून चिकटवली. प्रत्येक चित्राखाली तिने सुवाच्य इंग्रजीत ओळ लिहिली. आजीच्या चित्राखाली, 'व्हर्नाची आई.' मक्याच्या पावाच्या चित्राखाली, 'व्हर्ना हा करते.' फावड्याएवढ्या पायांच्या मुलीखाली, 'व्हर्ना लहान असताना.' खाटेवरच्या बापाखाली काय लिहावं हे तिला सुचेना, तेव्हा तिने लिहिलं, 'माझे मामा पण असेच.' ते खरंच होतं.

ईश्वरने वही चाळली. "छान आहे," तो म्हणाला. "पण त्यांना आवडेल का, विचारलंस?"

"कायले इचारायचं? सरप्राईज हाये."

"'कशाला' म्हण."

व्हर्नाच्या वाढदिवशी कांता वही आणि डब्यात शिरा घेऊन गेली. व्हर्नाने चष्मा लावला. पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं. कांता खुर्चीच्या कडेवर बसून तिच्या तोंडाकडे पाहत होती. हसू कुठल्या पानावर फुटतंय याची वाट पाहत होती. व्हर्ना सावकाश सगळी पानं पाहत गेली, एकही गाळलं नाही. पायांच्या चित्रावर थोडी जास्त थांबली.

"दिस यू," कांता आनंदाने म्हणाली. "ऑल यू."

व्हर्नाने वही मिटली आणि मांडीवर दोन्ही हात ठेवले. "गंज मेहनत घेतली तू," ती म्हणाली. मग ओट्याशी गेली आणि कॉफी करायला लागली. पाठ वळवून बराच वेळ करत राहिली.

तिसऱ्या दिवशी डबा दाराशी परत आला. घासलेला, लख्ख, आणि रिकामा.

कांताला आधी वाटलं, विसरली असेल. मग वाटलं, तब्येत बरी नसेल. पण व्हर्ना तळघरात भेटली की हसायची, आज गरम आहे म्हणायची आणि आपली टोपली उचलून निघून जायची. बाल्कनीत त्या वर्षी शेंगांच्या माळा लागल्या नाहीत. कांताने दोनदा डबा भरून पाठवला, दोनदा तो रिकामा परत आला. काहीतरी चुकलं होतं. पण वहीकडे तिचं मन जाईना, कारण आतापर्यंत केलेल्या कामांत तेच तिला सर्वांत चांगलं वाटत होतं.

ऑगस्टमध्ये मराठी मंडळाच्या सुलभा दामलेचा फोन आला. सप्टेंबरच्या संमेलनासाठी तिने स्वतः नाटुकलं लिहिलं होतं. पुण्यातलं एक घर, त्यात खेड्यातून आलेली मोलकरीण.

"कांता, मोलकरणीचं काम तूच करायचंस. नाही म्हणू नकोस, यार."

"मला नाटक नाही येत, सुलभाताई."

"अगं, तुला अॅक्टिंग करायचीच नाहीये. तू नुसती बोल. ही लँग्वेज आमच्यापैकी कुणालाच जमत नाही, आणि तुझ्याकडे आयती आहे."

कांता हो म्हणाली. मंडळाने कधी नव्हे ते आपल्याला बोलावलं याचा तिला आनंदच झाला. ईश्वरला ते फारसं रुचलं नाही, पण म्हणाला, "कर. ओळखी होतील."

पहिली तालीम सुलभाच्या घरी, शनिवारी दुपारी. झेरॉक्स केलेले कागद वाटले. सगळ्यांना चहा मिळाला. कांताने कागद हातात घेतला आणि तिथेच उभ्याउभ्या वाचला. त्यात तिची वाक्यं होती. 'म्या न्हाई जानार बाईसाहेब.' 'आता गं बया.' 'म्या येतू.' ती गोंधळली. म्या असं तिच्या गावात कुणी म्हणत नाही. आता गं बया हे तिने फक्त सिनेमात ऐकलं होतं. ही कुठली बोली, हे तिला ओळखू येईना.

तिची पाळी आली. तिला नुसतं दारातून आत येऊन हाक ऐकल्यावर ओ द्यायची होती. सुलभाने बाईसाहेब होऊन हाक मारली, आणि कांताच्या तोंडून कागदावरचं न येता आपलं आलं.

"मी येतो, बाईसाहेब."

सगळे फुटले. एकजण चहाचा कप खाली ठेवून हसत होता. विनोद पुढच्या वाक्यात होता, अजून आलाच नव्हता.

"हेच. हेच पाहिजे मला," सुलभा डोळे पुसत म्हणाली. "मी येतो म्हणे. बाई असून मी येतो. कांता, हे स्क्रिप्टमध्ये घालते मी. यू आर अ नॅचरल."

तिने पेन घेतलं आणि कांताच्या कागदावर 'म्या येतू' खोडून 'मी येतो' लिहिलं. कांताने त्या शब्दांकडे पाहिलं. तिचं बोलणं पहिल्यांदा कागदावर आलं होतं, अगदी बरोबर, कान्यामात्रेचीही चूक नव्हती. आणि ते वाचून माणसं हसणार होती. व्हर्नाच्या मांडीवरची वही, त्यावर ठेवलेले दोन हात, सगळं तिला स्वच्छ दिसलं. फावड्याएवढे पाय आणि खाली तिच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, 'व्हर्ना लहान असताना.'

दुसऱ्या दिवशी रविवार. कांता रिकाम्या हाताने व्हर्नाच्या दाराशी गेली. आत पुठ्ठ्याची खोकी उघडी पडली होती.

"भैनीकडे चालली मी," व्हर्ना म्हणाली. "केंटकीले. शाळा सोडली. म्हैनाभरात जातो."

आपल्याला हे इतर कुणाकडूनही कळू शकलं असतं, किंवा कळलंही नसतं, हे कांताला लागलं. ती उभीच राहिली. "तुले त्या वहीचा राग आला," ती म्हणाली.

व्हर्ना कागदात कप गुंडाळत होती. ती थांबली नाही.

"लहानपनी आमच्या घरी रविवारचा पेपर यायचा," ती म्हणाली. "बाप हेच चित्रं मोठ्यानं वाचे. आमी सारे पोट धरू धरू हासो. सगळ्यात जास्त आमीच हासो. मंग मी शिकागोले आली. मीबी कारखान्यात लागली, पह्यल्या दिवशी तोंड उघडलं, तं एका बाईनं इचारलं, बकरी कोठी बांधली वो? तवापासून ते पान मी उघडलं नाई."

"मी हासाले नाई देल्लं," कांता म्हणाली. "मले वाटलं, तुही भाषा छापली. आमची कोनी छापत नाई."

"छापली ना. कोनं छापली ते नाई पाह्यलं तू."

कांताने मग तालमीचं सांगितलं. मोडकंतोडकं, शब्द सापडले तसे. नाटक म्हणजे काय, मोलकरीण म्हणजे काय, 'मी येतो'ला माणसं का हसली. हे शेवटचं इंग्रजीत सांगताच येईना. इंग्रजीत बाई आणि पुरुष एकच येतो म्हणतात. पण व्हर्नाला समजलं असावं. तिने कप ठेवला.

"करशीन तू ते नाटक?"

"हो म्हटलं मी."

"मंग कर. टाळ्या भेटतीन." व्हर्नाच्या आवाजात टोमणा होता की नाही हे कांताला कळलं नाही. "मी दोष नाई देत तुले, पोरी. तुले मालूम नव्हतं. मीबी हासली त्याले. पन चिकटवून कधी नाई ठेवलं."

कांताने उघड्या खोक्यांकडे पाहिलं. ती म्हणाली, "ते वही दे परत. मी फाडतो."

"मले देल्ली ना? माही हाये ते." व्हर्नाने खोक्यांकडे हात केला. "बांधली कुठंतरी."

ती बांधली की टाकली, आणि बांधली असेल तर का, हे विचारायचं कांताला धैर्य झालं नाही.

घरी येऊन तिने सुलभाला फोन केला. काम जमणार नाही म्हणाली.

"अगं, गंमत आहे ती नुसती," सुलभा म्हणाली. "एवढं काय मनाला लावून घेतेस? आम्ही स्वतःलाही हसतोच की."

"हसा ना," कांता म्हणाली. "मी नाही येत." तिने 'येत' म्हटलं होतं, त्यात येतो की येते हे दिसत नव्हतं. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, वाक्यसुद्धा आपण लपायला सोयीचं असंच निवडलं.

व्हर्ना गेली त्या सकाळी तिची पुतणी ट्रक घेऊन आली होती. कांताने डब्यात वाळवलेली गवार भरली आणि नेऊन दिली. व्हर्नाने तो घेतला, वरच्या नावावरून अंगठा फिरवला. ती देवनागरी अक्षरं वाचता येत नव्हती तरी ते नाव आहे हे तिला माहीत होतं.

"हा परत कसा करू आता?" ती म्हणाली.

"नको करू."

व्हर्नाने तिला जवळ घेतलं. थोडंच, आणि घाईत. ट्रक वळणावरून जाईपर्यंत कांता उभी होती. डबा रिकामा परत यायचा धोका तेवढा टळला, असा एक विचार तिच्या मनात आला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

संमेलनात मोलकरणीचं काम सुलभाच्या मैत्रिणीने केलं, डोंबिवलीच्या पद्मिनीने. तिने लुगडं कमरेला खोचलं होतं आणि 'मी येतो'वर सबंध हॉल हसला. कांता ईश्वरच्या शेजारी बसली होती. ईश्वर आपल्या तळहाताकडे बघत होता. राधाला नाटकातलं मराठी अर्धंच समजलं, पण सगळे हसतात म्हणून तीही हसली. मग आईकडे वळून कुतूहलाने म्हणाली, "आई, दॅट्स हाउ यू टॉक, राइट?"

कांताने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. त्यानंतर ती घरात 'येते' म्हणू लागली. ईश्वरच्या ते लक्षात आलं.

डिसेंबरात केंटकीहून नाताळचं कार्ड आलं. कांताने ते उभ्याउभ्याच उघडलं. अक्षर सरळ, ओळी रुळावर काढल्यासारख्या. 'प्रिय कांता, आम्ही सर्व येथे कुशल आहोत. येथील हवामान थंड आहे. तुम्हाला व तुमच्या कुटुंबाला नववर्षाच्या शुभेच्छा. आपली नम्र, मिसेस व्हर्ना कोम्ब्स.'

एकही शब्द खाल्लेला नव्हता. एकही हेल नव्हता. तिने ते पुन्हा वाचलं, मोठ्याने, व्हर्नासारखं लांबवून. काही उमटलं नाही. हे एखाद्या ऑफिसातून आलेलं पत्र होतं. तीन वर्षं जी बाई दारातून तिला पोरी म्हणत होती, तिने तिच्यासाठी शाळेतली भाषा काढली होती, आणि ती काढायला तिला बराच वेळ लागला असणार.

कांता उत्तर लिहायला बसली. तुमच्याकडे यंदा बर्फ जास्त पडेल असं मला वाटतं, एवढंच तिला लिहायचं होतं. तिने सवयीने 'आय रेकन' लिहिलं. मग त्या शब्दाकडे बघत राहिली. तो ठेवला तर व्हर्नाला वाटेल, अजून माझी नक्कल करते. काढला तर त्या दोघींचं असं काही उरत नव्हतं.

"राधा," तिने हाक मारली, "'मला वाटतं' हे नीट इंग्रजीत कसं लिहायचं?"

"आय थिंक," राधा टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाली.

कांताने नवा कागद घेतला.